टीसीई गेलं, पण इथिलीन आलं का?

मीटिंगमध्ये स्क्रीनवर ग्राफ येतो, भूजलात मिसळलेल्या टीसीई नावाच्या विषारी सॉल्व्हंटची रेघ वरून खाली मस्त घसरत आलेली असते आणि समोर बसलेले सगळे खूश. क्लायंट खूश, वकील खूश, कुणीतरी डोनट्सचा बॉक्स पुढे सरकवतं. मी तेवढ्यात विचारते की विनाइल क्लोराइडची रेघ कुठेय, आणि इथिलीन मोजलंय का? त्यामुळे माझी ख्याती जरा खडूस अशी झालीय, असू दे. पण हा प्रश्न मी का विचारते ते एकदा नीट लिहायचं होतं, कारण "जिवाणूंनी प्रदूषण खाल्लं" अशा छान छान बातम्या लोक व्हॉट्सअॅपवर पाठवत असतात आणि त्यात हा भाग कधीच नसतो.

मी बे एरियात भूजल साफ करायच्या कामात आहे. बे एरिया म्हटलं की लोकांना कोड आणि स्टार्टअप आठवतात, पण त्याआधी इथे खरोखरच सिलिकॉनच्या चिप्स बनायच्या, आणि चिप्स बनवायच्या तर ग्रीस, मेण, रसायनांचे थर धुऊन काढायला सॉल्व्हंट लागायचं, टाक्याच्या टाक्या. ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई, त्याचं भावंड पीसीई जे ड्रायक्लीनिंगवाले वापरतात, टीसीए, असं सगळं. जमिनीखालच्या टाक्या आणि पाइप गळायचे, वर कुणाला पत्ता नाही. 1981 मध्ये सॅन होजेत फेअरचाइल्डच्या टाकीची गळती उघडकीला आली, शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत सॉल्व्हंट सापडलं, मग बाकीच्यांनी आपापली जमीन तपासायला घेतली आणि जिथे खणावं तिथे तेच. सांता क्लारा काउंटीत 23 सुपरफंड साइट्स (केंद्र सरकारच्या यादीतल्या अतिप्रदूषित जागा) आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच काउंटीत इतक्या नाहीत. माउंटन व्ह्यूला मिडलफील्ड, एलिस आणि व्हिस्मन या तीन रस्त्यांच्या मधला पट्टा आहे ना, तिथे फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन यांची जुनी कामं होती, तिथलं टीसीई उत्तरेला वाहत वाहत मॉफेट फील्ड या हवाई तळाखाली जाऊन तिथल्या नेव्हीच्या घाणीत मिसळलं. 2012-13 च्या हिवाळ्यात त्याच भागातल्या गूगलच्या इमारतींत आतल्या हवेत टीसीईची वाफ मर्यादेबाहेर आढळली होती, म्हणजे पाणी कुणी पीत नसलं तरी ते जमिनीतून वाफ होऊन वर येतं. आपली मंडळी याच पट्ट्यात राहतात, शाळांचं रेटिंग आणि घराच्या किमती यावर रात्र रात्र चर्चा करतात, खालच्या पाण्यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

टीसीई हे प्रकरण वाईट का आहे तर ते पाण्यापेक्षा जड आहे, लिटरला 1.46 किलो. पेट्रोल सांडलं तर भूजलावर तरंगतं, हे तसं नाही, हे खाली खाली जातं, वाळूतून उतरतं, चिकणमातीचा थर लागला की त्याच्यावर साचतं आणि हळूहळू त्या मातीत मुरतं. पाण्यात विरघळतं थोडंसंच, पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हिशोब करा, एक लिटर टीसीई मर्यादेपर्यंत पातळ करायला साधारण 29 कोटी लिटर पाणी लागेल. आणि हेच टीसीई एके काळी ऑपरेशनला भूल द्यायला वापरायचे, कॉफीतलं कॅफीन काढायला वापरायचे! आता ते कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी केलं ते म्हणजे पंप लावा, पाणी उपसा, कार्बनमधून गाळा. चालतं, प्लूम म्हणजे पाण्यातला प्रदूषणाचा पट्टा पसरत नाही, पण संपत नाही. पहिल्या काही वर्षांत आकडे पटापट खाली येतात आणि मग रेघ आडवी होते, कारण मातीत मुरलेलं टीसीई थेंबाथेंबाने बाहेर येतच राहतं. पंप बंद केला की आकडा परत वर. वीजबिल चालू, कार्बन बदलणं चालू, कन्सल्टंटचं घर चालू (हो, आमचंच).

जिवाणूंची गोष्ट इथे सुरू होते, आणि तिची सुरुवातही आमच्या शेजारीच झाली. 1985 मध्ये स्टॅनफर्डमध्ये व्होगेल आणि पेरी मॅकार्टी यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी जिवाणू पीसीईचे क्लोरीन एकेक करून काढतात. पीसीईवर चार क्लोरीन, एक काढला की टीसीई, आणखी एक काढला की डीसीई, आणखी एक काढला की विनाइल क्लोराइड. प्रत्येक वेळी क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसतो. म्हणजे जमिनीत एखाद्या ठिकाणी डीसीई भरपूर सापडलं, विशेषतः सिस जातीचं, तर समजायचं की कुणीतरी खाली काम करतंय, कारण कारखान्यांनी ते फारसं वापरलेलंच नव्हतं.

आता विनाइल क्लोराइड म्हणजे काय, तर आपला पीव्हीसी पाइप ज्या वायूपासून बनतो तो. 1974 मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या पीव्हीसी कारखान्याच्या कामगारांत यकृताचा एक एरवी अगदी दुर्मीळ कॅन्सर सापडला तो याच्यामुळे. टीसीईची मर्यादा 5 मायक्रोग्रॅम तर याची देशभरात 2, कॅलिफोर्नियात तर 0.5. म्हणजे जिवाणूंनी तीन पायऱ्या उतरून काम सोडलं तर तुम्ही टीसीई घालवून त्याहून वाईट वस्तू घरी आणली. बरं, ग्राफ मात्र सुंदर दिसतो.

हा ग्राफ सुंदर का दिसतो तेही बघा, कारण यात चांगले चांगले लोक फसतात. आमचे आकडे मायक्रोग्रॅममध्ये येतात. टीसीईचा रेणू जड, 131, विनाइल क्लोराइडचा 62.5, इथिलीनचा 28. त्यामुळे 1000 मायक्रोग्रॅम टीसीई सगळंच्या सगळं विनाइल क्लोराइड झालं, एक रेणूसुद्धा कमी झाला नाही, तरी आकडा 475 च्या आसपास येतो आणि कुणीतरी रिपोर्टात लिहितं की एकूण सॉल्व्हंट निम्म्याहून कमी झालं. कमी कुठे झालं बाबा, क्लोरीनचं वजन गेलं फक्त. म्हणून आकडे मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येत करून, टीसीई, डीसीई, विनाइल क्लोराइड, इथिलीन असे एकावर एक रचून बघायचे. बेरीज तेवढीच राहून रंग शेवटच्या खान्याकडे सरकत असेल तर काम होतंय. आणि बेरीजच घटत असेल, इथिलीन दिसत नसेल, तर नुसतं पातळ होतंय किंवा पाणी दुसरीकडे वाहून जातंय अशी शंका घ्यायची.

शेवटचा खाना म्हणजे इथिलीन, आंबे केळी पिकताना सुटतं तेच. निरुपद्रवी. 1989 मध्ये कॉर्नेलच्या फ्रीडमन आणि गॉसेट यांनी दाखवलं की जिवाणू इथपर्यंतही जातात. पण नेमका कोण जातो ते सापडायला 1997 उजाडलं. कॉर्नेल ज्या इथाका गावात आहे तिथल्या सांडपाणी प्लांटच्या स्लजपासून (गाळापासून) सुरू केलेल्या कल्चरमधून मायमो-गातेल, गॉसेट आणि झिंडर यांच्या टीमने एक बारकुसा जिवाणू वेगळा काढला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही अर्धा, चपट्या गोळीसारखा, ज्याला नेहमीची पेशीभित्तिका पण नाही. त्याला आता डिहॅलोकोकॉइडीस मॅकार्टी म्हणतात, 2013 पासून, मॅकार्टींच्या सन्मानार्थ. गावच्या मैल्यात हा साहेब आरामात बसला होता हे मला भारी वाटतं.

साहेबाचे नखरे पण तसेच आहेत. खायला फक्त हायड्रोजन पाहिजे. कार्बन पाहिजे तर तो अॅसिटेटच्या रूपात. बी-12 जीवनसत्त्व स्वतः करता येत नाही, शेजाऱ्याने करून द्यायचं. आणि श्वास घ्यायला क्लोरीनवाली संयुगंच पाहिजेत, दुसऱ्या कशावर तो जगतच नाही. जीनोम 14.7 लाख अक्षरांचा, ई. कोलायच्या साधारण एक तृतीयांश, आणि त्यातली डझनाहून जास्त जीन्स नुसती क्लोरीन काढायच्या एन्झाइमची. ऑक्सिजन लागला की गेला.

या ऑक्सिजनवरून मागे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांशी मजेशीर बोलणं झालं होतं. काका कोकणात लोट्याला एका केमिकल कंपनीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सांभाळून रिटायर झालेले, इकडे मुलीकडे आले होते, मी काय करते विचारलं, मी सांगितलं. "अगं पण तू ऑक्सिजन काढून टाकतेस? आम्ही आयुष्यभर ब्लोअर बंद पडला की रात्री दोनला धावत गेलोय!" मी म्हटलं, काका, तुमच्याकडे घाण हे त्यांचं जेवण होतं आणि हवा त्यांचा श्वास. इथे घाण हाच त्यांचा श्वास आहे. हवा सोडली तर दुसरेच जिवाणू माजतात आणि हे मरतात. काका जरा गप्प बसले, मग म्हणाले, "आणि मग जेवायला काय घालतेस?" सोयाबीनचं तेल, मी म्हटलं. त्यावर काकू किचनमधून बाहेर आल्या.

खरंच तेल घालतो. सोयाबीन तेल पाण्यात घोटून दुधासारखं पांढरं इमल्शन करतात, थेंब साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे वाळूच्या फटींतून जाऊ शकतात, आणि ते इंजेक्शन वेलमधून, म्हणजे त्यासाठी पाडलेल्या बोअरमधून, खाली ढकलतात. तेल स्वस्त, आणि एकदा घातलं की दोन तीन वर्षं पुरतं. कुणी मळी वापरतं, कुणी चीजच्या कारखान्यातून उरलेलं पाणी, कुणी लॅक्टेट. आपला साहेब हे खात नाही, पण खालचे बाकीचे जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि अॅसिटेट सुटतं आणि साहेबाचं ताट भरतं. आधी उरलासुरला ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग लोखंड, मग सल्फेट, आणि मग मिथेन सुटायला लागतो. टीसीईचं डीसीई त्याआधीच होऊ लागतं, पण डीसीई आणि विनाइल क्लोराइड तुटायला या क्रमात इतपत पुढे जावं लागतं. मिथेन बनवणारे आणि सल्फेटवाले पण हायड्रोजनवर टपलेले असतात, म्हणजे तुम्ही घातलेल्या जेवणातलं बरंचसं पाहुणेच जेवून जातात.

साइटवर हे कळतं नाकाने. मॉनिटरिंग वेलमध्ये पंप सोडायचा, मिनिटाला दोनशे तीनशे मिली इतक्या सावकाश ओढायचं, आणि मीटरवर आकडे स्थिर होईपर्यंत बसायचं. ओआरपी (पाण्यात ऑक्सिजनसारखं काही उरलंय का ते दाखवणारा मिलिव्होल्टमधला आकडा) उणे दोनशेच्या खाली गेलेला, पाणी किंचित काळपट, आणि सडक्या अंड्याचा वास. नवीन आलेली पोरं तोंड वाकडं करतात, मला मात्र तो वास आला की बरं वाटतं. मग 40 मिलीच्या काचेच्या बाटल्या, त्यात आधीच थोडं अॅसिड घातलेलं असतं, पाणी काठावर फुगेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि बुडबुडा दिसतो का बघायचं. बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, कारण विनाइल क्लोराइड आणि इथिलीन दोन्ही वायू, जाऊन त्या बुडबुड्यात बसतात आणि लॅबला कमी आकडा मिळतो. आणि इथिलीनची टेस्ट वेगळी मागवावी लागते, सॉल्व्हंटच्या नेहमीच्या लिस्टमध्ये ती नसते. पैसे वाचवायला पहिली कात्री तिलाच लागते, आणि माझं मीटिंगमधलं भांडण असतं ते इथूनच.

तर अडचण काय, तर पीसीई आणि टीसीई डीसीईपर्यंत आणणारे जिवाणू पुष्कळ आहेत. जिओबॅक्टर, सल्फ्युरोस्पिरिलम, डिहॅलोबॅक्टर वगैरे. ती पहिली सोपी पायरी कुणीही करतं. पण डीसीईपासून विनाइल क्लोराइड आणि तिथून इथिलीन, आणि हे करून त्यावर वाढायचं, हे डिहॅलोकोकॉइडीस आणि त्याचा चुलत भाऊ डिहॅलोजेनिमोनास एवढ्याच दोन घराण्यांना जमतं असं आत्तापर्यंत माहीत आहे. त्यातही सगळ्यांना नाही, इथाकाचा तो पहिला स्ट्रेन (वाण) स्वतः विनाइल क्लोराइडवर वाढू शकत नाही, जाता जाता हळूहळू तोडतो. 2003 मध्ये मिशिगनच्या ओस्कोडा इथल्या साइटवरून बीएव्ही1 नावाचा स्ट्रेन मिळाला, तो विनाइल क्लोराइडवर जोमात वाढतो. म्हणून आता नुसता जिवाणू आहे का एवढं विचारून भागत नाही, विनाइल क्लोराइड तोडणाऱ्या एन्झाइमचं व्हीसीआरए किंवा बीव्हीसीए हे जीन आहे का ते पाण्यातल्या डीएनएवरून मोजतात. लिटरला एक कोटीच्या वर पेशी असतील तर बरी चाल, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. 2002 च्या एका पाहणीत 24 साइट्स तपासल्या होत्या, 21 ठिकाणी गाडी इथिलीनपर्यंत पोचत होती आणि तिथे डिहॅलोकोकॉइडीस होता, 3 ठिकाणी डीसीईला अडकली होती आणि तिथे तो सापडला नाही. इतका स्वच्छ निकाल आमच्या धंद्यात क्वचित मिळतो.

नसेल तर बाहेरून घालायचा. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या केली एअर फोर्स बेसवर हे फार छान करून दाखवलं होतं. जमिनीत मिथेनॉल आणि अॅसिटेट सोडलं, पीसीईचं डीसीई झालं आणि गाडी तिथेच थांबली. मग केबी-1 नावाचं कल्चर, जे ऑन्टारियोतल्या एका टीसीई साइटवरून वाढवलेलं, ते घातलं, फक्त 13 लिटर. साधारण 200 दिवसांत पीसीई, टीसीई, डीसीई तिन्ही 5 मायक्रोग्रॅमच्या खाली आणि इथिलीन हजर. शेजारी जिथे तेच जेवण दिलं पण कल्चर घातलं नाही तिथे डीसीई तसंच बसून. आता हे कल्चर स्टीलच्या पिंपांतून कुरिअरने येतं, हवा लागू नये म्हणून वर नायट्रोजन किंवा आर्गनचा दाब. पण हे विरजणाचं काम आहे, दूध आधी तापवून कोमट झालेलं असलं पाहिजे. खालचा ऑक्सिजन संपायच्या आत कल्चर ओतलं तर महागडं पिंप वाया, आणि शेड्यूल पुढे ढकलायला नको म्हणून घाईत ओतलेलं मी पाहिलंय, कुणाच्या साइटवर ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे पीएच. क्लोरीन निघतो तो हायड्रोक्लोरिक अॅसिड म्हणून, वर तेल आंबून तयार झालेली आम्लं, त्यामुळे पाणी आंबट होत जातं. पीएच 6 च्या खाली गेला की साहेब संपावर, आणि पहिला संप नेमका शेवटच्या पायऱ्यांवर. मग खाली खायचा सोडा सोडावा लागतो. शिवाय सगळं पाणी ऑक्सिजनशिवाय केलं की खडकातलं मँगनीज, लोखंड, कुठे कुठे आर्सेनिक सुटतं, मिथेन साठतो, वेलच्या जाळीवर बुळबुळीत थर बसतो. वकिलांना हे सांगायला आवडत नाही. चिकणमातीत मुरलेलं टीसीई तर जिवाणूंनाही बाहेर ओढून काढता येत नाही, ते बाहेर येईल तसं खातात. पण एक फरक पडतो, पंपाला वीज लागते आणि हे तिथेच बसून असतात.

ऑक्सिजनच्या बाजूनेही एक रस्ता आहे, तोही इथलाच, मॉफेट फील्डवर स्टॅनफर्डच्या लोकांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोग केले होते, खाली मिथेन आणि ऑक्सिजन सोडून मिथेन खाणारे जिवाणू वाढवायचे, त्यांचं एन्झाइम जाता जाता सॉल्व्हंटही तोडतं. विनाइल क्लोराइड झटपट तुटलं, टीसीई फारसं नाही. त्यातून एक कामाची गोष्ट कळते, की प्लूमच्या पुढच्या टोकाला जिथे पाण्यात परत ऑक्सिजन मिसळतो तिथे विनाइल क्लोराइडला दुसरे, ऑक्सिजनवाले जिवाणू भेटतात आणि ते तिथे संपू शकतं. म्हणून थोडं विनाइल क्लोराइड दिसलं की मी लगेच बोंब मारत नाही, पुढच्या वेलमध्ये काय आहे ते बघते.

एक मात्र सांगते, काही साइट्सवर या सगळ्याचा उपयोग होत नाही असा एक पाहुणा असतो, 1,4-डायऑक्सेन. टीसीए खराब होऊ नये म्हणून त्यात ते मिसळायचे. पाण्यात पूर्ण विरघळतं, मातीला चिकटत नाही, म्हणून सगळ्यात पुढे पळतं, आणि आपल्या ऑक्सिजन नसलेल्या व्यवस्थेत ते जसंच्या तसं राहतं. इथिलीन आलं म्हणून पार्टी करण्याआधी जुन्या कागदांत टीसीए शोधायचं.

तुम्ही कॅलिफोर्नियात राहत असाल तर जिओट्रॅकर नावाची सरकारी साइट आहे, पत्ता टाका, नकाशावर टिंबं येतील, टिंबावर क्लिक केलं की रिपोर्ट डाउनलोड होतात. रिपोर्ट पाचशे पानी असतो, घाबरू नका, मागचं टेबल उघडा आणि विनाइल क्लोराइडचा कॉलम वाढतोय का ते बघा. शेजारी इथिलीनचा कॉलमच नसेल तर पब्लिक मीटिंगला जाऊन विचारा, आता दोघं तिघं तरी खडूस होऊ द्या, मी एकटीच कशाला.